पिकअपमधलं पाणी जातं कुठे? कूलंटची गळती शोधायची आणि बंद करायची कशी

पहाटे साडेतीनला नागपूरच्या कळमना बाजाराला निघायच्या आधी मी गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढते. संत्र्याचं रिकामं खोकं उघडून सपाट करायचं, रात्री इंजिनाखाली सरकवायचं आणि सकाळी बॅटरीच्या उजेडात बघायचं. पुठ्ठ्यावर ‘पुढे’ आणि ‘मागे’ असं पेनाने लिहून ठेवलं की थेंब कुठल्या भागाखाली पडला तेही समजतं. ऑइलचा डाग काळपट आणि तेलकट पसरतो. डिझेल वासानेच ओळखू येतं. एसीचं पाणी वाळलं की मागे काही उरत नाही. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या रंगीत पाण्याचा, डाग हिरवट नाहीतर गुलाबी दिसतो, बोटांना बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास असतो. जिभेला लावून बघणारे लोक मी पाहिले आहेत. ते विष आहे, तसं कधीही करू नका.

आमच्याकडे दोन डिझेल पिकअप आहेत. नवऱ्याच्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून एक मी चालवते. काटोल-कोंढाळीकडून संत्रा, सौंसर-छिंदवाड्याकडून भाजी, हंगामात सरकीची पोती. एका एप्रिलात जुन्या गाडीचं पाणी रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं. खाली मात्र थेंब नाही. एका गॅरेजवाल्याने रेडिएटर बदलला. पाणी जातच होतं. मग वॉटर बॉडी बदलली, म्हणजे वॉटर पंप. तरी जातच होतं. शेवटी तो म्हणाला, “ताई, आता हेड खोला लागते.” हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. ते खोलण्याइतके पैसे तेव्हा हातात नव्हते, म्हणून मी कामठी रोडवरच्या एका रेडिएटरवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी थंड इंजिनाला हातपंप लावून दाब भरला आणि बॅटरी घेऊन नुसते बघत उभे राहिले. दहाएक मिनिटांनी इंजिनाच्या मागच्या अंगाला, केबिनच्या पत्र्याजवळ, हीटरकडे जाणाऱ्या पाइपाची क्लिप ओली झाली. गाडी चालू असताना तिथलं पाणी सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडायचं आणि तिथल्या तिथे वाफ होऊन उडायचं. जमिनीवर थेंब पडणार कुठून? क्लिप बदलली आणि गळती थांबली. रेडिएटर आणि वॉटर बॉडी दोन्ही विनाकारण बदलले गेले होते.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: पाणी कुठून जातंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

झाकण

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. कारण समजून घेतलं तर हात आपोआप मागे राहील. झाकणाच्या आत स्प्रिंग असते आणि ती रेडिएटरमध्ये दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याच्याही वर. म्हणजे आत १०५-११० अंशांचं पाणी शांत बसलेलं असू शकतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा जाड पाइप हातात आरामात धरता आला आणि दाबल्यावर मऊ लागला, की मगच झाकणाला हात लावायचा. नागपूरच्या मे महिन्यात याला तासाच्या वर लागतो. लागू द्या.

हेच झाकण कधी कधी स्वतःच गुन्हेगार असतं. स्प्रिंग थकली किंवा रबर कडक झालं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर फेकलं जातं. लोकांना वाटतं गळती आहे. झाकणात आणखी एक छोटा वॉल (व्हॉल्व्ह) असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तो अडकला तर सकाळी पाइप चेपून चपटा झालेला दिसतो. असा पाइप दिसला तर पाइपाला दोष देऊ नका, झाकण बदला, आणि त्यावर तोच आकडा असलेलं घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर जुन्या पाइपांवर आणि रेडिएटरवर नको तितका दाब येतो. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, बाटलीलाच असतं, तिथे बाटलीवरच पूर्ण दाब असतो. बाटलीचं झाकण म्हणून ते हलकं समजू नका.

वही

गॅरेजला जायच्या आधी चार दिवस वही ठेवा. मी संत्र्याच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते: तारीख, किलोमीटर, रोज सकाळी थंड इंजिनात किती पाणी घातलं, आणि आदल्या दिवशी गाडीने काय काम केलं. पाणी मापाने घालायचं, मी अर्ध्या लिटरच्या बाटलीवर खुणा केल्या आहेत.

या चार ओळींतून बरंच कळतं. गाडी दोन दिवस उभी होती तरी पाणी गेलं, तर गळती थंडपणीची आहे: सैल क्लिप, चिरलेला पाइप, रेडिएटरचा सांधा. डिसेंबरात नागपूरची पहाट १० अंशांच्या खाली जाते तेव्हा रबर आखडतं आणि क्लिपखाली फट पडते. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि गळती आपोआप थांबते. अशी गळती दुपारी गॅरेजात कोणालाच दिसणार नाही, गाडी रात्री तिथेच ठेवावी लागते. याच्या उलट, उभ्या गाडीतून थेंबही जात नाही पण भरलेल्या गाडीने घाट चढला की अर्धा लिटर गायब, तर ती दाबाखाली उघडणारी बारीक चीर, थकलेलं झाकण किंवा आतली गळती. आणि रोज रिकामी-भरलेली, चढ-सपाट काहीही असो, सारखंच पाणी जातंय, तर बहुतेक वॉटर बॉडी किंवा एखादं बारीक छिद्र.

चाचांना मी पहिल्यांदा ही वही दाखवली तेव्हा त्यांनी बोनेट उघडायच्या आधी पूर्ण पान वाचलं. आता त्यांच्याकडे गेले की आधी वहीच मागतात.

डोळ्यांनी आणि बोटांनी शोधायचं

आधी इंजिन धुऊन कोरडं करा. चिखल आणि ऑइल साचलेल्या इंजिनावर गळती शोधण्यात अर्थ नाही. धुताना अल्टरनेटर आणि वायरींच्या जोडांवर प्लास्टिकची पिशवी बांधा. मग एक फेरी मारून या, गाडी उभी करा, आणि वरून खाली या. पाणी नेहमी खाली आणि वाऱ्याने मागे वाहतं, म्हणून जिथे ओलं दिसतं त्याच्या वर आणि पुढे खरी जागा असते. वाळलेल्या कूलंटचा पांढरा, हिरवट किंवा गुलाबी खार शोधा. तो ओल्या थेंबापेक्षा खरं बोलतो, कारण पाणी उडून गेलं तरी खार जागेवर राहतो.

पाइप: वरचा, खालचा, हीटरचे दोन, आणि बाटलीचा बारीक. प्रत्येक पाइप थंडपणी बोटांनी दाबून बघा. आत करकर वाजलं किंवा तडे उघडले तर तो गेला. टोकाजवळ फुगा आला असेल तरी गेला. ऑइल किंवा डिझेल सांडून मऊ-चिकट झालेला पाइपही टिकत नाही. अशा वेळी ते ऑइल कुठून येतंय ते आधी बंद करा, नाहीतर नवा पाइपही तसाच होईल. संत्र्याच्या बागेत रात्रभर गाडी उभी राहिली की उंदीर बारीक पाइप कुरतडतात. हे माझ्या गाडीत दोनदा झालंय.

रेडिएटर: आजकालच्या रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या. जाळीचा पत्रा जिथे टाकीवर दुमडून दाबलेला असतो, त्या सांध्यातलं रबर जुनं झालं की तिथे खाराची रेघ उमटते. प्लास्टिकच्या नळीच्या बुडाशी केसासारखी चीर पडते, ती आरशाने बघावी लागते. घरातला हातातला आरसा चालतो.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगते. विदर्भात कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीवर कापसाची फुली बसते, गव्हा-तुरीच्या मळणीत भुसा बसतो. वारा आत जाईना झाला की इंजिन तापतं, पाणी उकळून बाटलीतून बाहेर पडतं, आणि माणूस गळती शोधत बसतो. गळती नसतेच. जाळी इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने साध्या पाण्याच्या पाइपाने धुवा, म्हणजे घाण आली त्या वाटेनेच बाहेर जाते. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पाती आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो. नोव्हेंबर ते मार्च मी दर पंधरा दिवसांनी जाळी धुते.

वॉटर बॉडी: तिच्या खालच्या बाजूला एक छोटं छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावं, म्हणून. तिथून खाराचा ओघळ आला असेल तर सील संपलं. छिद्र बुजवू नका. एकाने ते एमसीलने बुजवलेलं मी पाहिलं. पाणी बेअरिंगमध्ये गेलं, बेअरिंग तुटलं आणि फॅन रेडिएटरमध्ये घुसला. इंजिन बंद असताना पुली धरून पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग जायला आलंय. बेल्ट फार ताणून बसवला तरी हेच होतं.

इंजिनाच्या ब्लॉकच्या, म्हणजे मुख्य धडाच्या, बाजूला वाटीसारखी पत्र्याची बुचं ठोकलेली असतात. वर्षानुवर्षं साधं पाणी चालवलेल्या गाडीत ती आतून गंजतात आणि त्यांच्या कडेने गंजाचा लाल ओघळ येतो. मागचं बुच सहज दिसत नाही, खालून बघा.

शेवटी केबिन. डावीकडच्या पायाखालची चटई उचला. ओली-चिकट असेल, किंवा काचेवर तेलकट धुकं साचत असेल, तर डॅशबोर्डमधला हीटर गळतोय. आपण नागपूरवाले हीटर क्वचित लावतो म्हणून तो विसरून जातो, पण बऱ्याच गाड्यांत त्याच्यातून कूलंट बाराही महिने फिरत असतं.

दाबाचा पंप

एवढं करून सापडलं नाही तर दाब भरून बघायचं. हवा भरायच्या सायकलपंपासारखा हातपंप असतो, त्याला काटा आणि झाकणाच्या जागी बसणारं टोपण. रेडिएटरचं काम करणाऱ्या बहुतेकांकडे असतो. इंजिन थंड, पाणी काठोकाठ, टोपण बसवायचं आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरायचा. पंधरा मिनिटं काटा बघा. काटा खाली येतोय आणि बाहेर कुठेतरी ओलं दिसतंय, तर सापडलं. काटा खाली येतोय आणि बाहेर सगळं कोरडं, तर पाणी इंजिनाच्या आत किंवा हीटरमध्ये जातंय.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हा दाब भरू नका. टायरच्या हवेत रेडिएटर फाडण्याइतका जोर असतो.

पंप बसवून झाकणाचीही परीक्षा होते. त्याचं वेगळं टोपण मिळतं. हे पाच मिनिटांचं काम आहे, आठवणीने सांगून करून घ्या.

पाणी आत जात असेल तर

इथे घाईने हेड खोलायला निघू नका, आणि दुर्लक्षही करू नका. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल तर गाडी चालवू नका, टोचन करून न्या. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल आणि थंडीचे दिवस असतील, तर तो हवेतल्या ओलीचाही असतो. शंका असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा खालचा ऑइलचा बोल्ट सकाळी अगदी थोडा सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून असलं तर तेच आधी थेंबथेंब बाहेर येतं.

दुसरी परीक्षा: थंड इंजिन सुरू करून वरचा पाइप हातात धरा. मिनिटा-दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच तो दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅसकेटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून, जळालेल्या वायूचा दाब पाण्यात शिरतोय. थंडपणीच झाकण काढून इंजिन सुरू केलं तर सुरुवातीला चार बुडबुडे येतातच, पण ते थांबतच नसतील तर तेच कारण. काही गॅरेजांत निळं औषध असतं, पाण्यावरच्या हवेत जळालेला वायू असला तर त्याचा रंग बदलतो. डिझेल इंजिन रिकामं चालताना भरपूर हवा ओढतं आणि त्या मानाने जळण कमी असतं, म्हणून उभ्या गाडीवर ही परीक्षा खोटी ‘चांगली’ निघू शकते. गाडी चढावर जोर लावून चालवून आणा आणि मग करायला सांगा.

आता नव्या गाडीवाल्यांसाठी महत्त्वाचं. पाणी जातंय, बाहेर कोरडं, ऑइल स्वच्छ, पाइपही कडक होत नाही, पण धूर पांढरा आणि गोडसर वासाचा. तेव्हा ईजीआर कूलर तपासायला सांगा. सायलेन्सरकडचा जळालेला धूर थंड करून परत इंजिनात पाठवायला हा छोटा कूलर असतो आणि त्याच्या बाजूने कूलंट फिरतं. त्याला आतून चीर पडली की पाणी धुरात जातं. त्याचा पाइप खोलला की आत कोरडी काजळी दिसायला हवी. ओली काजळी किंवा धुतल्यासारखा स्वच्छ धातू दिसला, तर हेड खोलायची गरज नाही.

आणि रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना स्टार्टर ‘टक’ करून अडकला, तर पुन्हा पुन्हा किल्ली मारू नका. पिस्टनवर पाणी साचलेलं असू शकतं. हवा दबते, पाणी दबत नाही, आणि डिझेल इंजिनात वर जागाच इतकी कमी असते की कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिकला ग्लो प्लग किंवा नोझल काढून पाणी बाहेर काढायला सांगा.

पाइप आणि क्लिप बदलणं

हे काम घरी होतं, आणि मी बघितलेल्या गळत्यांतल्या निम्म्याहून जास्त इथेच होत्या. लागतं काय तर पेचकस, ७ आणि ८ नंबरचा गोटी पाना, ब्लेड, स्वच्छ फडकं, आणि पाणी धरायला पसरट टब.

पाइप गाडीच्या मॉडेलचाच, वळणासह घडवलेला घ्या. सरळ पाइप वाकवून बसवला तर वळणावर चिमतो आणि पाणी अडतं. जुना पाइप पक्कडीने पिळून ओढू नका, खालची प्लास्टिकची नळी तुटते आणि पाइपाचं काम रेडिएटरचं होऊन बसतं. ब्लेडने पाइप लांबीच्या दिशेने चिरा आणि साल काढावी तसा उलगडा. नळी धातूची असेल तर बारीक पॉलिश कागदाने खार घासून काढा, प्लास्टिकची असेल तर फक्त ओल्या फडक्याने पुसा. ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. नव्या पाइपाच्या तोंडाला आतून थोडं कूलंट लावलं की तो सरकतो.

क्लिप आधी पाइपावर ओवून घ्या. पाइप पूर्ण आत जाईपर्यंत ढकला. नळीच्या तोंडाशी एक उंच कडी असते, क्लिप त्या कडीच्या मागे बसली पाहिजे. कडीवर बसली तर कितीही आवळा, गळणारच. माझी ती हीटरची क्लिप अशीच कडीवर बसलेली होती. पेचकसाने आवळताना क्लिपच्या कडेने रबर किंचित वर आलं की थांबा. पुढे आवळलं तर पाइप कापला जातो आणि प्लास्टिकला चीर पडते. गाडी एकदा पूर्ण तापवून पूर्ण थंड करा आणि परत एकदा बघा, बहुतेक वेळा पाव फेरा अजून लागतो. कंपनीतून आलेली स्प्रिंगची क्लिप असेल आणि ती ढिली झाली नसेल तर तीच परत लावा. रबर आखडलं-फुगलं तरी ती आपोआप धरून ठेवते.

पाइप फक्त टोकाशी फाटला असेल आणि लांबी पुरत असेल तर दोन सेंटीमीटर कापून पुन्हा बसवा. नवा पाइप मिळेपर्यंत चांगलं चालतं.

रेडिएटर जुन्या तांब्या-पितळेचा असेल तर झाळून घ्या, चांगला कारागीर असेल तर ती झाळ वर्षानुवर्षं टिकते. अॅल्युमिनियम-प्लास्टिकचा असेल तर बदलणंच बरं. एमसील घरी पोचण्यापुरतं आहे. वॉटर बॉडी घरी बदलायची की नाही हे गाडीवर आहे: बाहेरच्या बेल्टवर चालत असेल तर जमतं, टायमिंग बेल्टवर चालत असेल तर जाणत्या मेकॅनिककडेच द्या, बेल्टचा एक दात चुकला तर इंजिनाचे वॉल वाकतात. नवीन बसवताना जुनं गॅसकेट खरडून काढा पण धातूला ओरखडा पडू देऊ नका, आणि बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा.

हळदीबद्दल मला नेहमी विचारतात. हो, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकली की बारीक छिद्र काही काळ बुजतं, मीही एकदा टाकली आहे, पांढुर्ण्याहून येताना. पण ती हळद फक्त छिद्र बघून थांबत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तिचा गाळ बसतो. घरी पोचलात की त्याच आठवड्यात सगळं पाणी काढून, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. डब्यातल्या गळतीबंद औषधांबद्दलही माझं हेच मत आहे.

परत भरणं

बोअरवेलचं पाणी घालू नका. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात खार भरपूर, तो आत चहाच्या पातेल्यासारखा थर धरतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी कुठेही मिळतं, फक्त डब्यावर पाणी आहे की अॅसिड ते वाचून घ्या. कूलंट तयार मिसळलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, घट्ट असेल तर सहसा निम्मं-निम्मं. कूलंट बर्फ पडणाऱ्या ठिकाणीच लागतं हा गैरसमज आहे. ते गंज थांबवतं आणि उकळायचं तापमान वर नेतं, नागपूरला या दोन्हीची गरज आहे. रंग बघून दोन कंपन्यांचं कूलंट मिसळू नका. रंग हा नुसता रंग असतो, आतली रसायनं वेगळी असली तर गंजापासूनचं संरक्षण कमी होतं, कधी कधी गोळाही बनतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला.

भरताना हवा आत अडकते, आणि दुरुस्तीनंतर गाडी तापण्याचं ते सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा. मे महिना असला तरी हीटरचा दांडा पूर्ण ‘गरम’वर करा. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा आणि त्यातून सलग पाणी आलं की आवळा. हळूहळू भरा, मधूनमधून पाइप दाबा. मग इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल, ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो उघडला की रेडिएटरकडचा थंड असलेला पाइप अचानक गरम होतो आणि पातळी खाली जाते. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा, बाटलीत दोन खुणांच्या मध्ये. पुढचे तीन दिवस सकाळी पुठ्ठा आणि वही. वहीत सलग तीन शून्यं आली की मी काम झालं म्हणते.

घाटात अडकलात तर

सौंसरच्या पुढे सिल्लेवानीच्या घाटात माझ्या गाडीचा काटा लालकडे गेला आणि मग अचानक खाली आला. मला क्षणभर बरं वाटलं. पण पाणी संपलं की तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात नसतो, नुसत्या वाफेत-हवेत असतो, आणि काटा खोटं दाखवतो. हीटर लावला तर गार वारा आला, म्हणजे आत पाणीच नव्हतं. मी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. आणखी दोन वळणं रेटली असती तर हेड गेलं असतं.

काटा नुसता चढतोय, पाणी आहे, तर हीटर पूर्ण लावा, गियर उतरवा, वेग कमी करा. वाफ निघाली तर थांबाच. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. तासभर थांबा. पाइप फाटला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून, एकावर एक गुंडाळा आणि वर तार बांधा. आधी पाइप कोरडा करा, ओल्यावर ट्यूब सरकते. झाकण पोत्याने धरून पहिल्या खाचेपर्यंत सोडा, वाफ जाऊ द्या, मग काढा. इंजिन सुरू करून बारीक धारेने पाणी घाला. अशा वेळी मिळेल ते स्वच्छ पाणी चालतं. झाकण पहिल्या खाचेवरच ठेवलं तर आत दाब बनत नाही आणि पट्टीखालून गळती कमी होते. मात्र पाणी लवकर उकळतं, म्हणून गाडी हळू चालवायची आणि माल दुसऱ्या गाडीत चढवता आला तर चढवायचा. माझ्या सीटमागे पाच लिटर पाणी, ट्यूबची पट्टी, दोन मापांच्या क्लिपा, तार आणि पेचकस कायम असतो.

काढलेलं जुनं कूलंट नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. ते गोड असतं, आणि कळमन्यातली कुत्री, गाई ते पितात. थोड्याशा कूलंटनेही कुत्रं मरतं. आमच्या गल्लीतलं एक पिल्लू मी असं गेलेलं पाहिलं आहे. टबात पाणी काढताना टबापासून उठायचं नाही. काढलं की झाकणाच्या कॅनमध्ये भरायचं, वर ‘विष’ लिहायचं, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं, आणि जळकं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्यायचं. फरशीवर सांडलं असेल तर माती टाकून टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा.